दगडवाचन, भाग ४: दोन तांडे, एक लग्न आणि एक हात

मंडळी, तीन महिन्यांनी लिहितोय, मधे पाऊस आणि ऑफिसचं रिलीज दोन्ही एकदमच आलं. पण कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत थडग्यांवरचे जुने दगड वाचून शीटमध्ये नोंदवायचं काम बंद पडलेलं नाही. शीटमध्ये आत्ता ४१२ दगड आहेत, त्यातले ३३० नीट वाचून झालेत, उरलेल्यांपुढे प्रश्नचिन्ह.

आधी माझी चूक. मागच्या भागात स्टीव्हन्सचं थडगं शोधतोय असं लिहिलं होतं ना, दोन शनिवार घालवले आणि मग कळलं की तो इथे नाहीच! एलायशा स्टीव्हन्स, स्पेलिंगमध्ये व्ही नाही, पीएच आहे, ज्या स्टीव्हन्स क्रीक रोडवरून आपण भाजी आणायला जातो तो याच्याच नावाचा, फक्त रोडवाल्यांनी स्पेलिंग बदलून टाकलं. क्युपर्टिनोकडे जमीन घेऊन राहिला, नंतर बेकर्सफील्डला गेला आणि १८८७ ला तिकडेच वारला. रस्त्याला नाव आहे म्हणजे माणूस जवळच पुरलेला असणार, हे मी गृहीत धरलं होतं. धरू नका.

पण त्याच्या मागे लागल्यामुळे तो ज्याचा म्होरक्या होता तो बाकीचा तांडा सापडला. १८४४ मध्ये साधारण ५० माणसं घेऊन हे लोक निघाले, सिएरा नेवाडाची डोंगररांग ओलांडून कॅलिफोर्नियात वॅगन आणणारा हा पहिलाच तांडा, आणि वाटेत एकही माणूस गेला नाही, उलट बाळं जन्मली. त्यातलं मोठं खटलं म्हणजे मर्फी. बाप मार्टिन, मुलगा मार्टिन, त्यामुळे माझ्या शीटमध्ये आठवडाभर दोघांची खिचडी झाली होती. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात हेळवी येऊन वहीतून पिढ्या वाचून दाखवतो, तसा कोणीतरी इथे हवा होता यार. धाकट्या मार्टिनने आजच्या सनीव्हेलमध्ये बस्तान बसवलं, मर्फी अ‍ॅव्हेन्यू त्यांचाच. त्याच्या घराचे लाकडी भाग मेन राज्यात कापून जहाजाने केप हॉर्नला वळसा घालून आणले होते. ते घर १९६१ मध्ये पाडलं, आता तसंच नवीन बांधून म्युझियम केलंय.

आता खरी मजा. त्याच वाटेने १८४६ मध्ये डॉनर तांडा निघाला, बर्फात अडकला, ८७ पैकी जवळजवळ निम्मे गेले. १८४४ वाल्यांमधला मोझेस शॅलनबर्गर हा कोवळा पोरगा त्याच डोंगरातल्या एका तळ्याकाठी एका झोपडीत अख्खा हिवाळा एकटा राहून जिवंत परतला होता, आणि दोन वर्षांनी डॉनरवाल्यांमधलं ब्रीन कुटुंब त्याच झोपडीत शिरलं! शॅलनबर्गर नंतर सॅन होजेला स्थायिक झाला. जेम्स रीडचं कुटुंब त्या बर्फातून सगळंच्या सगळं वाचलं आणि तेही सॅन होजेलाच आलं. त्याची सावत्र मुलगी व्हर्जिनिया तेव्हा १३ वर्षांची. १८५० मध्ये तिने लग्न केलं जॉन मर्फीशी, म्हणजे बिनघोर पोचलेल्या तांड्यातल्या मुलाशी. हे मी सॅन होजेच्या ओक हिल दफनभूमीत जेम्स रीडचा दगड शोधताना जुळवलं आणि तिथेच गवतावर बसून बायकोला फोन केला, ती म्हणाली बरं, येताना दूध आण.

ओक हिल १८४७ पासूनचं आहे, पसारा प्रचंड, आणि मी पहिल्याच दिवशी भर दुपारी बारा वाजता ६० फोटो काढून आलो. सगळे बाद. ऊन समोरून पडलं की संगमरवरावरची अक्षरं सपाट दिसतात, आणि एका दगडावरचा १ मी ७ वाचला तो असाच. आता सकाळी जातो, सोबत दारामागे लावतात तसला एक लांब आरसा, त्याने ऊन बाजूने दगडावर टाकायचं, की दिसेनासं झालेलं अक्षरही सावली धरून उठतं. साफ करायला नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. खडू, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश, ब्लीच यातलं काहीही लावू नका प्लीज, फोटो एकदाच छान येतो आणि दगड मात्र कायमचा जातो.

एक वेगळंच लफडं म्हणजे तारखा. जुन्या दगडांवर जन्मतारीख नसतेच बऱ्याचदा, मृत्यूची तारीख आणि वय ४२ वर्षं ३ महिने ११ दिवस असं असतं, उलटं मोजायचं, आणि स्प्रेडशीटला १९०० च्या आधीची तारीख तारीखच वाटत नाही. शेवटी वहीत पेन्सिलने करतोय.

साराटोगाच्या मॅड्रोनिया दफनभूमीचं काम मात्र संपलं. तिथे मेरी ब्राउन आहे, गुलामगिरीविरुद्ध लढून १८५९ मध्ये फाशी गेलेल्या जॉन ब्राउनची बायको. नवरा न्यूयॉर्क राज्यात पुरलेला आणि ही १८८४ पासून इथे, मधे अख्खा देश. तिच्यापाशी मी जरा जास्तच वेळ थांबलो. या सगळ्यांना पायोनियर म्हणजे पहिले वसलेले म्हणतात, तो शब्दही मला हल्ली तितका रुचत नाही, मिशन सांता क्लारा या जुन्या स्पॅनिश चर्चपाशी हजारो ओलोनी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, पुरलेत आणि त्यांच्यासाठी माझ्या शीटमध्ये भरायला एकही दगड नाही.

शेवटचं न्यू अल्माडेन. पाऱ्याच्या जुन्या खाणीचं गाव, तेव्हा वर डोंगरावर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार एका वस्तीत राहायचे, मेक्सिकन दुसऱ्या वस्तीत. खाली हॅसिएंडा सिमेट्री, एवढीशी, लाकडी कुंपणं, मधून चक्क डांबरी रस्ता गेलाय. तिथे एका दगडाखाली बर्ट बॅरेटचा फक्त हात आहे. १८९३ मध्ये पोरवयात शिकारीच्या अपघातात हात गेला, तो इथे पुरला, बाकीचा बर्ट पुढे काउंटीच्या आरोग्य खात्यात मोठ्या हुद्द्यावर गेला आणि १९५९ मध्ये वारल्यावर ओक हिलला पुरला गेला.

आता माझ्या शीटचा नियम एक माणूस एक ओळ असा आहे. हाताला वेगळी ओळ द्यावी का? दिली तर मृत्यूच्या रकान्यात १८९३ भरू की रिकामा ठेवू, तुमच्यापैकी कोणी असं काही नोंदवलं असेल तर सांगा, तोपर्यंत ४१२ च्या ऐवजी ४११ धरा.