अनेक म्हणजे किती?

काका, परवा लिफ्टमध्ये तुम्ही विचारलंत, "तू म्हणे दोन वर्षं परदेशात मिशनरी होतास. किती जणांना ख्रिश्चन केलंस?" तेवढ्यात चौथा मजला आला आणि मी हसून उतरलो. पण हा प्रश्न मला लग्नाकार्यात, ऑफिसात, एकदा तर दाढी करताना न्हाव्यानेही विचारलाय. तेव्हा एकदाचं नीट उत्तर देतो.

एकालाही नाही. ताटं मात्र अगणित धुतली.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा माणूस येतो. लांबून आलेला, झगा घातलेला, मोडकं मराठी बोलणारा. वडगाव शेरीतला बीकॉम झालेला पोरगा उलट्या दिशेने निघालाय, हे आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काहींनाही पचलं नव्हतं. आईचं म्हणणं त्याहून साधं होतं. "घरात स्वतःचं ताट उचलत नाही आणि हा जगाची सेवा करणार!"

मी गेलो तो लोगोस होप नावाच्या जहाजावर. १९७३ साली जर्मनीत बांधलेली ही प्रवासी फेरीबोट. ऑपरेशन मोबिलायझेशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने ती २००४ मध्ये घेतली, डागडुजीत काही वर्षं गेली आणि २००९ पासून ती पुस्तकांचं दुकान घेऊन बंदरोबंदर फिरायला लागली. या संस्थेचं पहिलं जहाज, लोगोस, १९८८ मध्ये चिलीच्या दक्षिण टोकाला खडकावर चढून निकामी झालं होतं. सगळे सुखरूप वाचले. बाबांनी धीर द्यायला म्हणून ही हकीकत आईला सांगितली. आईने त्यातलं 'खडक' एवढंच ऐकलं.

पगाराचंही लोक विचारतात. पगार नव्हता. कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत कुणालाच नव्हता. उलट आपला खर्च आपणच उभा करायचा, म्हणजे ओळखीच्यांना आणि मंडळीला पाठबळ मागायचं. पुण्याच्या माणसाला हे किती जड जातं ते तुम्हाला सांगायला नको. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर घोषणा केली आणि मी दाराशी मान खाली घालून उभा राहिलो. डबे करणाऱ्या एक मावशी आहेत आमच्यात. त्यांनी सांगितलं, "महिन्याला दोनशे माझे. पण पत्र नीट लिहायचं, कुठे काय केलंस ते."

आता दिवस कसा जायचा ते. साठेक देशांची सुमारे चारशे माणसं आणि दिवसाची तीन जेवणं. म्हणजे बाराशे ताटं झाली. पेले, वाट्या, पराती वेगळ्याच. मला पहिलं काम मिळालं ते गॅलीमागच्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरामागच्या, मोरीत. मोरी म्हणजे तशी स्टीलची, यंत्रवाली. पण यंत्रात जाण्याआधी ताटावरचं खरकटं कुणीतरी फवाऱ्याने उडवावंच लागतं. सकाळच्या अंड्याचं वाळलेलं पिवळं ही जगातली सर्वांत चिवट गोष्ट आहे. फवाऱ्याने जात नाही, नखाने काढावं लागतं. माझ्या शेजारी एक कोरियन इंजिनिअर आणि घानाचा एक शिक्षक उभा असायचा. तिघांचं इंग्रजी तीन तऱ्हांचं, त्यामुळे पहिला महिनाभर आम्ही मुख्यतः बोटांनी बोललो. पहिल्या मोठ्या सफरीत जहाज डोलायला लागलं तसा मी त्याच मोरीत ओकलो. कोरियन इंजिनिअरने काही न बोलता फवारा माझ्या बाजूला वळवला.

चहाबद्दल एक शब्द. गरम पाण्याचा नळ, एक पिशवी, वरून ज्याने त्याने दूध घालायचं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटवल्याचा खटला, झालं. आमच्या जहाजावरचा तो चहा पाहिला असता तर त्यांना माफीच मिळाली असती.

आठवड्यातला एक दिवस किनाऱ्यावरच्या कामाचा. कधी शाळेच्या भिंती रंगवायच्या, कधी वृद्धाश्रमात गाणी म्हणायची, कधी चौकात नाटुकलं करून येशूबद्दल बोलायचं. तुम्ही ज्याला मिशनरीपणा म्हणता तो एवढाच. मी त्यात फारसा बरा नव्हतो. एकदा बाजारात एका शहाळेवाल्याला मी पत्रक दिलं. त्याने ते अदबीने घेतलं, चार घड्या घातल्या आणि हातगाडीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. गाडी स्थिर झाली. त्याने मला अंगठा दाखवला.

पाठबळ देणाऱ्यांना धाडायच्या त्या महिन्याच्या प्रार्थनापत्रात मी लिहिलं, 'बाजारात अनेकांनी आस्थेने संदेश स्वीकारला.'

खोटं म्हणावं तर खोटं नव्हे. पण इकडे दोनशे-पाचशे रुपये काढून ठेवणाऱ्या लोकांना काहीतरी भरीव द्यायला हवं, असं वाटायचं. पुढच्या बंदरातून घरी फोन केला तर मावशी तिथेच बसलेल्या. त्यांनी रिसीव्हर घेतला. "पत्र वाचलं रे. अनेक म्हणजे किती?"

फोनचं कार्ड संपत आलं होतं. मी म्हणालो, "एक. आणि त्याने तो गाडीखाली घातला."

पलीकडे बराच वेळ हसण्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "हे का नाही लिहिलंस?"

पुढच्या पत्रापासून मी ताटांबद्दल लिहायला लागलो.

वर्षभराने मला पुस्तकांच्या मजल्यावर घेतलं. तिथे किमती 'युनिट'मध्ये असतात. दर बंदराला चलन बदलतं, म्हणून पुस्तकावर नुसता आकडा आणि दाराशी फळा, की आज इतक्या युनिटला इथले इतके पैसे. बायबलं असायचीच, पण खपायची ती मुलांची चित्रांची पुस्तकं आणि पाककृती.

त्रिनिदादला एक आजीबाई आल्या. साधा फ्रॉक, हातात पिशवी, चेहरा मात्र थेट आपल्या दौंडच्या बाजाराला शोभेल असा. भारतातला आहेस का, म्हणाल्या. त्यांचे पूर्वज कलकत्त्याहून ऊसमळ्यांवर करारावर आलेले. १८४५ साली फॅटल रझाक नावाच्या जहाजापासून ही ये-जा सुरू झाली, ती १९१७ पर्यंत चालली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "माझी आजी सांगायची..." बाकी सगळं इंग्रजीत आणि 'आजी' मात्र आजीच! तो शब्द त्यांच्याकडे भोजपुरीतून आलेला, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र जहाजाच्या पोटात, चौदाएक हजार किलोमीटरवर, कुणीतरी मला मराठीतून हाक मारल्यासारखं झालं आणि माझ्या हातून सुटी नाणी सांडली.

त्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती निघाल्या. कॅनडाहून १८६८ साली जॉन मॉर्टन नावाचे मिशनरी तिथल्या भारतीय मजुरांमध्ये आले, शाळा काढल्या. आजीबाईंच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो त्या वाटेने. आमच्या घरात तो अहमदनगरकडून आला, अमेरिकनांच्या हातून. मी हे सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग आता तू मला काय सांगायला आलास?"

मी म्हणालो, "मुलांची पुस्तकं त्या बाजूला आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, कागदात गुंडाळलेले डबल्स घेऊन. हळदीच्या दोन मऊ पुऱ्यांमध्ये रसरशीत चणे. जिऱ्याला त्या 'गीरा' म्हणत होत्या. मी काउंटरमागे उभ्याने चार खाल्ले. काका, दोन वर्षांत कुणी कुणाची सेवा केली याचा हिशोब मांडायचा झाला तर माझी बाजू उधारीचीच निघेल. हे मी पत्रात लिहिलं नाही. पाठबळ देणाऱ्यांना काय वाटेल, ही भीती तेव्हाही पुरती गेली नव्हती.

परत आल्यावर पहिल्याच उपकारस्तुतीच्या सणाला मंडळीने माझी साक्ष, म्हणजे सगळ्यांपुढे अनुभव सांगणं, ठेवली होती. शर्टाला इस्त्री केली, मुद्दे काढले. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं, वेळ संपली, साक्ष पुढच्या रविवारवर गेली. प्रीतिभोजनाच्या पंगती उठल्या तशा मावशी पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "चल, तुला सवय आहे ना."

मागच्या नळाशी आम्ही दोघं बसलो. त्या घासत होत्या, मी विसळत होतो. मी विसळून ठेवलेलं एक ताट त्यांनी उचललं, उलटं करून मागून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे परत टाकलं.

"मागून तेलकट आहे."