आमची वाटचाल: ३५९ नंतर शून्य

कोनांचा डेटा ही आमच्या फर्मची खासियत. त्यातही जोडीने येणारे कोन: वाऱ्याची दिशा आणि लाटांची दिशा, प्रथिनांच्या साखळीतले फाय आणि साय हे पिळाचे कोन. सुरुवातीच्या वर्षांत कामं आली, बिलं निघाली. सांगण्यासारखं फार नाही.

मग आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक एकाने निम्म्या दरात पळवलं. नाव घेत नाही. त्याने केलं काय, तर 'आर' ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा उघडली, तिच्या 'मास' पॅकेजमधलं केडीई-टूडी हे घनता काढणारं (बिंदू कुठे किती दाट आहेत ते सांगणारं) फंक्शन डेटावर जसंच्या तसं चालवलं आणि झकास रंग भरले. त्या फंक्शनला ३५९ आणि १ हे अंश शेजारी आहेत याचा पत्ताच नसतो. बिंदूंची दाटी चित्राच्या कडेवर असली की घनता तिथे जवळपास निम्मी उतरते, कोपऱ्यात तर पाव. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आलेखात (आडवा फाय, उभा साय) बीटा भाग, म्हणजे प्रथिनांच्या ताणलेल्या रचनांचे बिंदू, वरच्या कडेला, सायच्या १८० अंशांजवळ येतो. तो कडेपलीकडे सांडून खाली उगवतो. या महाशयांनी ते दोन वेगळे गट म्हणून रिपोर्टात छापले, आणि गिऱ्हाइकाने ते मान्यही केलं! इकडे आमचे पगार थकले, माणसं गेली. अजून बोचतं.

तगलो ते एका प्रयोगशाळेतल्या मॅडममुळे. त्यांनी दोघांकडूनही नमुना मागवला होता. "खरं कोणाचं?" त्यांनी सरळ विचारलं. आम्ही वाद घातला नाही. वर्तुळ कुठे कापलं यावरून खरं उत्तर बदलायला नको, एवढंच तपासलं. सगळ्या कोनांत १८० मिळवले, ३६० ने भागून बाकी घेतली, दोन्ही पद्धतींनी घनता पुन्हा काढली आणि चित्रं मागे सरकवली. आमचं चित्र होतं तसंच राहिलं, त्याचं बदललं. मॅडम आजतागायत आमच्याकडेच आहेत.

कोणी विचारलं नाही, तरी नव्या मुलांना सांगतो. कडा जुळाव्यात म्हणून डेटाच्या नऊ प्रती (३६० अंशांनी सरकवलेल्या) तीन बाय तीन मांडून मधला चौकोन कापून घ्यायला हरकत नाही. पण बँडविड्थ (प्रत्येक बिंदू किती पसरवायचा ते) नऊ प्रतींवरून काढू नका; फैलाव फुगतो, चित्र सपाट होतं. घनतेला नऊने गुणा, चौकोनावरचं एकूण १ आलंच पाहिजे. आणि केडीई-टूडी तुम्ही दिलेल्या एचला, म्हणजे बँडविड्थला, आतल्या आत चारने भागतं, हे लक्षात असू द्या. आम्ही फॉन मिझेस कर्नल (प्रत्येक बिंदूभोवती बसवलेला, वर्तुळावर फिरून जुळणारा उंचवटा) वापरतो, त्याचा टोकदारपणा सांगणारा आकडा कप्पा क्रॉस-व्हॅलिडेशनने, म्हणजे थोडा डेटा बाजूला ठेवून त्यावर तपासून, ठरवतो. कप्पा वाढवला की कर्नल टोकदार होतो, बँडविड्थच्या बरोबर उलट. निम्म्या दरात एवढं कोण करणार?