पिठ्याच्या बाटल्या आणि अंड्याची टरफलं

पिठ्या म्हणजे आमचा कुत्रा. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे, तिच्या मागे सापडला, तेव्हा खरंच पिठात लोळून आला होता म्हणून हे नाव. शुद्ध देशी, वय चार, वजन अठरा किलो. त्याला सुरुवातीपासून घरचंच जेवण, म्हणजे बोनलेस चिकन उकडून भात, दोन-तीन चपात्या, थोडं दही, आठवड्यातून दोनदा कलेजी. मला वाटायचं आपण काय भारी सांभाळतोय याला, पाकिटातलं कोरडं खाणं घालत नाही, ताजं देतो.

मग गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याची कातडी कोरडी पडायला लागली, सोफ्यावर कोंडा, केस निस्तेज, आणि रात्रभर खाजवण्याचा आवाज. आता अशा वेळी डॉक्टरकडे जावं की नाही, तर मी गेले मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन. आधी कॅल्शियमचं सिरप आणलं, मग मल्टिव्हिटॅमिन, मग कुणीतरी सांगितलं म्हणून लिव्हर टॉनिक, मग केसांसाठी कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल, आणि शेवटी एक प्रोटीन पावडर जी का आणली ते मला आजही सांगता येणार नाही. फ्रीजवर पाच बाटल्या रांगेत. नवरा म्हणाला, आपल्या बाबांच्या औषधांपेक्षा याची जास्त झाली. आणि झालं काय, तर दोन आठवड्यांत पिठ्याला जुलाब.

सासूबाईंचं मत एकदम स्पष्ट होतं. "आमच्या गावाकडं कुत्र्याला कोण टॉनिक देत होतं गं? भाकरी-ताकावर बारा वर्षं जगला आमचा." यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, नंतर मिळालं, ते सांगते पुढे.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, येताना सगळ्या बाटल्या घेऊन या आणि तो दिवसभरात काय काय खातो ते लिहून आणा, चमच्या-वाटीत नाही, ग्रॅममध्ये. मी किचनच्या काट्यावर दोन दिवस सगळं मोजलं आणि कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहिलं, आणि तेच पान फाडून नेलं.

तिथं जे गणित झालं ते मी जन्मात विसरणार नाही. अठरा किलोच्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे हजार कॅलरी लागतात आणि तेवढ्या जेवणात कॅल्शियम साधारण एक ग्रॅम, म्हणजे हजार मिलिग्रॅम तरी पाहिजे. आता बोनलेस चिकनच्या 100 ग्रॅममध्ये कॅल्शियम असतं फक्त दहा-बारा मिलिग्रॅम! भात-चपातीत थोडंसं, दह्यात थोडंसं, असं सगळं मिळून आमचं जेमतेम अडीचशे. आणि ते सिरप? चमच्याला दीडशे. म्हणजे बाटली आणूनसुद्धा आम्ही अर्ध्यावरही पोचत नव्हतो, आणि मी मनातल्या मनात कॅल्शियमचा विषय मिटवून टाकला होता.

मी लगेच म्हटलं, पण डॉक्टर ब्लड रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आहे की. ते म्हणाले, येणारच ताई. रक्तातलं कॅल्शियम शरीर कमी पडूच देत नाही, खाण्यातून आलं नाही तर हाडांतून काढून भरतं. म्हणजे एफडी मोडून घरखर्च चालवायचा आणि पासबुकात बॅलन्स बघून खूश व्हायचं, तसं. पिठ्याची हाडं अजून ठीक होती, पण नुसत्या मांसावर वाढवलेल्या लहान पिल्लांत हाडं इतकी मऊ होतात की उडी मारली तरी फ्रॅक्चर होतं.

दुसरी बाजू तर अजून गमतीची. कॉड लिव्हर ऑइलमध्ये व्हिटॅमिन ए आणि डी, मल्टिव्हिटॅमिनमध्ये तेच परत, आणि आठवड्यातून दोनदा भरपूर कलेजी, जिच्यात ए नुसतं ठासून भरलेलं. ही दोन्ही व्हिटॅमिनं चरबीत विरघळणारी, जास्त झाली की लघवीतून निघून जात नाहीत, साठत राहतात आणि त्रास देतात. म्हणजे आमच्या एकाच ताटलीत एकीकडे कडक उपास आणि दुसरीकडे जेवणावळ चालू होती. मला वाटायचं माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल एकच, तर तसं नाहीये. साधं माशाचं तेल माशाच्या अंगातून काढतात, त्यात ओमेगा-3 मुख्य, कॉड लिव्हर म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, म्हणून त्यात ए आणि डी. खाजेला जो उपयोग होतो तो ओमेगा-3 चा. जुलाबाचं कारण पण बहुतेक तेच, एकदम एवढं तेल पोटाला झेपलं नाही.

आणि कातडीचा मुद्दा कॅल्शियमचा नव्हताच! डॉक्टरांचा संशय झिंकवर होता. गव्हाच्या कोंड्यात फायटेट असतं, ते झिंकला धरून ठेवतं, पोटात शोषूच देत नाही, त्यामुळे चपात्या जास्त आणि झिंक आधीच कमी असं झालं की कातडी बोंबलते. शिवाय मी कुठंतरी वाचून मीठ पूर्ण बंद केलेलं, तर आयोडीनही गेलं, कारण आपल्या घरात आयोडीन येतं ते त्या मिठातूनच.

आता नवीन पद्धत. बाटल्या सगळ्या बंद. डॉक्टरांनी घरच्या जेवणासाठीची एक व्हिटॅमिन-मिनरलची पावडर लिहून दिली, त्याच्या वजनाप्रमाणे मोजून, तिच्यात झिंक, तांबं, आयोडीन, डी सगळं आहे पण कॅल्शियम नाममात्र, कारण तेवढं कॅल्शियम चिमूटभर पावडरीत मावतच नाही. कॅल्शियम येतं अंड्याच्या टरफलातून. टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, एका टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे आमच्या साहेबांना दिवसाला अर्ध्या टरफलापेक्षा कमी पुरतं. धुवायची, दहा मिनिटं उकळायची, तव्यावर खडखडीत वाळवायची आणि मिक्सरला अगदी मैद्यासारखी बारीक करायची, जाड कण राहिले तर पोटाला टोचतात. मी चटणीच्या भांड्यात केली. त्या दिवशी सासूबाई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

नाचणी का नाही, असं मला तीन जणांनी विचारलं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम आहे, आपल्यासाठी उत्तमच, पण पिठ्याची गरज तिच्यातून भागवायची तर रोज तीनशे ग्रॅम नाचणी खायला घालावी लागेल. मग चिकन कुठं घालायचं? आणि तिच्यातही फायटेट आहेच.

ओमेगा-3 साठी कॅप्सूलऐवजी तारली. कोकणातून येते, स्वस्त असते, आणि कुकरला जास्त शिट्ट्या केल्या की काटे इतके मऊ होतात की बोटाने चुरता येतात. कच्ची नाही द्यायची, काही कच्च्या माशांत थायामिन म्हणजे बी-1 नष्ट करणारं एन्झाइम असतं, शिजवलं की ते जातं. आठवड्यातून दोनदा, आणि त्या दिवशी घरात उदबत्ती.

मध्ये मला खाज होती ती नेटवरच्या रेसिपींची. ते पण डॉक्टरांनी काढून टाकलं. 2013 मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिसच्या लोकांनी कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या 200 रेसिपी तपासल्या, पुस्तकातल्या, वेबसाइटवरच्या, काही तर चक्क व्हेटनी लिहिलेल्या, आणि 95 टक्के रेसिपींत किमान एक तरी गरजेचा घटक कमी निघाला. माझी कालनिर्णयवाली रेसिपी त्यात असती तर शेवटून पहिली आली असती.

हां, आणि हे सगळं आमचं घरच्या जेवणाचं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकांकडे लॅब्राडोरचं पिल्लू आहे, ते पिल्लांचं चांगलं पाकिटातलं खाणं खातं आणि वर "हाडं मजबूत व्हावीत" म्हणून कॅल्शियम. त्यांना मी हात जोडून सांगितलं बंद करा, डॉक्टरांना विचारा. त्या खाण्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. आणि मांजरवाल्यांनो, दूध-चपाती प्लीज नको. मांजराला टॉरिन नावाचं एक पोषक द्रव्य खाण्यातून मिळावंच लागतं, ते मांस-माशातच असतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही जातात. माणसांच्या चघळायच्या गोळ्या तर कुत्र्याला अजिबात नाही, काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्यासाठी सरळ विष.

तर सासूबाईंचा भाकरी-ताकवाला कुत्रा. मी एकदा निवांत बसून विचारलं, आई, तो अजून काय काय खायचा? तर म्हणे खाटकाकडची हाडकं, कोंबडीच्या मुंड्या, रानातले उंदीर, म्हैस व्याली की वार, आणि उकिरड्यावरचं काय काय ते देव जाणे. म्हणजे भाकरी घरात आणि सप्लिमेंट सगळं बाहेर! आमचा पिठ्या बिचारा पट्ट्याला बांधून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरतो, त्याला कुठला उंदीर मिळायला. हे मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तेच तर मी म्हणत होते." मी काही बोलले नाही.

दोन महिन्यांत कोंडा थांबला, केसांना चमक आली, खाजवणं जवळजवळ बंद. वजन मात्र मागच्या आठवड्यात एकोणीस किलो दोनशे भरलं आणि डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. काट्यावर मोजून जेवण, मोजून पावडर, मोजून टरफल, मग हे कुठून आलं? घरी येऊन बघते तर टेबलाखाली पिठ्या आणि वर सासूबाई, हातात तूप लावलेली अर्धी चपाती.