आमची वाटचाल : कुपवाडची लेथ आणि आयएसओचा कागद

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पंपाचे शाफ्ट (फिरते दांडे) आणि स्लीव्ह (त्यांवर बसणाऱ्या नळ्या) काढत आमचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यावर फार लिहीत नाही. लिहायचंय ते 1998 सालाबद्दल.

आमचं निम्म्याहून जास्त काम एका मोठ्या कंपनीचं होतं. त्यांचं पत्र आलं : आयएसओ 9002, म्हणजे कामाच्या गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र, नसेल तर ऑर्डर बंद. तेव्हा या मानकाची 1994 ची आवृत्ती चालू होती. डिझाइन करणाऱ्यांना 9001, ड्रॉइंगप्रमाणे जॉब काढणाऱ्या आमच्यासारख्यांना 9002. (2000 साली सगळं 9001 मध्येच आलं.) कंपनीचा माल युरोपात जायचा, तिथलं गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागायचं, ती मागणी उतरत उतरत आमच्या शेडपर्यंत आली. याबद्दल माझी तक्रार नाही, उलट हे मानक चांगलंच आहे.

तक्रार वेगळी आहे. आम्ही एकेक गेज (मापाचं साधन) कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, पाठवत होतो, कच्च्या मालाच्या हीट नंबरपासून (धातूच्या ओतीच्या नंबरापासून) डिस्पॅचपर्यंत नोंदी घालत होतो. तेवढ्यात आमच्याच ओळीतल्या एकाने कन्सल्टंटकडून तयार फायली आणि प्रमाणपत्र एकदमच विकत घेतलं. त्यांचा मायक्रोमीटर शून्यावर बसत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑर्डर त्यांना गेली. आमची मशीन बंद पडली, बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं थकलं, पगार तुकड्यातुकड्यानं द्यावे लागले. चांगले दोन टर्नर (लेथ चालवणारे कारागीर) सोडून गेले, त्यातला एक त्यांच्याकडेच. ते अजून सलतं.

तेव्हा विट्याचे अण्णा उभे राहिले. ते शेतीपंप जोडायचे. आयएसओचं त्यांनी कधी विचारलं नाही. यायचे, शाफ्ट पुसायचे आणि जाडी तपासायचा स्वतःचा दोन बाजूंचा स्नॅप गेज लावायचे. गो बाजू आपल्या वजनानं खाली उतरली पाहिजे, नो-गो बाजू अडलीच पाहिजे. 25 मिलिमीटरच्या शाफ्टला एच-6 ही अचूकतेची श्रेणी म्हणजे एकूण 13 मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) मुभा, तिथे बोलून भागत नाही. एक दिवस पिशवीतून ॲडव्हान्सचे पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “काम थांबवू नको.” त्यांच्या ऑर्डरवर आम्ही तगलो आणि प्रमाणपत्र रीतसर मिळवलं.

पुढे 14001 घेतलं. हे पर्यावरणाचं मानक 1996 चं. वापरलेलं तेल आता ड्रममध्ये साठवून अधिकृत रिसायकलरलाच जातं, बरीतून (धातूच्या किसातून) निथळणारं कूलंट, म्हणजे कापताना थंड करणारं पाणी-तेल, पुन्हा टाकीत येतं. पूर्वी एमआयडीसीत हे सगळं गटारात जायचं, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

नव्या पोरांना सांगतो, जिनिव्हाची आयएसओ संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. देणारी संस्था एनएबीसीबीसारख्या, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनाच तपासून मान्यता देणाऱ्या मंडळाकडे नोंदलेली आहे का, ते आधी बघा. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, मध्ये दरवर्षी ऑडिट होतं. ऑडिटच नको म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. आणि जाडजूड मॅन्युअलवर पैसे घालू नका. 2015 च्या आवृत्तीपासून त्याची सक्तीच राहिलेली नाही. तेच पैसे मास्टर गेजवर, म्हणजे बाकीची गेज ज्यावर पडताळतात त्यावर, घाला.

त्या मोठ्या कंपनीचं काम नंतर परत आलं, आम्ही घेतलंही. पण मशीनवर आधी चढते ती अण्णांच्या मुलाची ऑर्डर, मग त्यांची.