लोबुचेची रात्र आणि झोपेचे गुण

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर ‘झोपेची तपासणी’ या नावाखाली कोणी वेगळे पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. आमच्या आयोजकांनी माणशी तीन हजार रुपये घेऊन प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला, रोज नाश्त्याच्या वेळी शंभरापैकी गुण वाचून दाखवले आणि त्या गुणांच्या आधारे कोणी पुढे जावे व कोणी परत फिरावे याचे सल्ले दिले. असा पट्टा हाताची हालचाल आणि नाडीचे ठोके टिपतो आणि त्यावरून झोपेचा अंदाज बांधतो. थंडीमुळे स्लीपिंग बॅगमध्ये अंग आखडून, हात छातीशी धरून निश्चल पडलेला माणूस त्याच्या लेखी झोपलेलाच असतो. दिंगबोचेला मध्यरात्रीनंतर कितीतरी वेळ मी टक्क जागा होतो आणि सकाळी तोच वेळ माझ्या नावावर ‘गाढ झोप’ म्हणून जमा झालेला होता. झोप खरोखर मोजायची तर मेंदूतील विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास आणि रक्तातील ऑक्सिजन यांची नोंद एकाच वेळी घ्यावी लागते; ते लॉजमध्ये शक्य नाही.

लुक्ला ते नामचे बाजार, तिथला विश्रांतीचा दिवस आणि तेंगबोचेची चढण यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ज्याला सह्याद्रीत दिवसभर चालण्याची सवय आहे आणि ज्याच्याजवळ चांगली स्लीपिंग बॅग आहे, त्याने त्या टप्प्याची काळजी करू नये.

काळजी करायची ती दिंगबोचेनंतर. दिंगबोचे ४४१० मीटरवर आहे आणि लोबुचे ४९४० मीटरवर, म्हणजे मुक्कामाची उंची एका दिवसात ५३० मीटरने वाढते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, हा सर्वमान्य दंडक या टप्प्यावर मोडला जातो, आणि तोही हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर आलेला असताना. लॉजच्या भिंती प्लायवूडच्या, त्यामुळे शेजारच्या खोलीतला खोकला आपल्याच उशाशी ऐकू येतो. त्या रात्री माझ्या सोबत्याचा श्वास मी घड्याळ लावून पाहिला. चार-पाच श्वास एकापेक्षा एक खोल होत जात, मग उथळ होत, आणि मग छाती हलायचीच थांबे. दहा-बारा सेकंद गेले की मोठ्या धापेने श्वास पुन्हा सुरू होई. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा या चक्राच्या थोडा मागून धावत एका मिनिटात ६९ ते ७९ यांच्या दरम्यान खालीवर होत होता. मग आयोजकांनी सकाळी गरम चहानंतर घेतलेल्या आणि वहीत ठसठशीत लिहिलेल्या त्या एकाच आकड्याला रात्रीच्या दृष्टीने काय अर्थ उरतो?

हा थांबणारा श्वास भयंकर दिसतो, पण एवढ्या उंचीवर तो निरोगी माणसातही सर्रास आढळतो. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीर जोराने श्वास घेते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की झोपेत मेंदूकडून श्वासाचा आदेशच सुटत नाही. मग ऑक्सिजन आणखी घसरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि श्वास धापेसह परततो. या प्रत्येक धापेबरोबर झोप क्षणभर चाळवते, गाढ झोपेचा वाटा घटतो आणि एकूण तास बऱ्यापैकी भरले तरी सकाळी डोळाच लागला नाही असे वाटते.

माझा खरा राग पुढच्या प्रकारावर आहे. आमच्या गटातील साठीच्या काकांना सकाळी सौम्य डोकेदुखी होती, थोडा थकवा होता आणि झोप वारंवार मोडली होती. आयोजकांनी उंचीच्या आजाराची लक्षणे गुणांत मोजणाऱ्या लेक लुईस गुणपत्रिकेची जुनी प्रत काढली, डोकेदुखीचा एक, थकव्याचा एक आणि झोपेचे दोन अशी चार गुणांची बेरीज केली आणि ‘हा उंचीचा आजार आहे, हेलिकॉप्टर बोलवू’ असा लकडा लावला. त्या गुणपत्रिकेतून झोपेचा प्रश्न २०१८ साली काढून टाकण्यात आला, कारण मोडलेल्या झोपेचा इतर लक्षणांशी मेळ नीट बसत नव्हता. नव्या पद्धतीत डोकेदुखीसह किमान तीन गुण लागतात. काकांचे दोनच होत होते. ते त्या दिवशी लोबुचेलाच थांबले, दुपारपर्यंत डोकेदुखी उतरली आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी पुढे आले. मात्र चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर गुण मोजत बसू नये. त्याच क्षणी खाली उतरावे, रात्र असली तरी.

लोबुचेच्या पुढच्या मुक्कामी, गोरकशेपला, आमच्याकडून पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावलीही भरून घेतली गेली. ती गेल्या महिन्याभराच्या झोपेविषयी विचारते. त्या महिन्यातले बहुतेक दिवस आम्ही घरी झोपलो होतो. आदल्या एका रात्रीपुरते विचारायचे असेल तर ग्रोनिंगेनची पंधरा विधानांची प्रश्नावली आहे, ती छापून न्यावी. आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. साडेसातला अंधारात करण्यासारखे काही नसते म्हणून सगळे अंथरुणात शिरतात आणि साडेपाचला उठतात. या दहा तासांत साडेसहा तास झोप लागली, तर झोपेची कार्यक्षमता ६५ टक्के ठरते आणि माणूस धास्तावतो. घरी तेवढ्याच झोपेवर तो कामाला जातो. तेव्हा डायनिंग हॉलमध्ये नऊपर्यंत बसावे.

स्वतःपुरती नोंद ठेवायला कागद आणि पेन्सिल पुरते, कारण थंडीत शाई गोठते आणि वरच्या लॉजमध्ये पट्टा किंवा फोन चार्ज करण्याचेही पैसे द्यावे लागतात. सकाळी स्लीपिंग बॅगमधून बाहेर पडण्यापूर्वीच झोप केव्हा लागली, किती वेळा मोडली आणि लघवी, खोकला, थंडी की गुदमरणे यांपैकी कशामुळे मोडली, हे लिहावे. ऑक्सिमीटर लावण्याआधी हात ऊबदार करावेत, पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि मिनिटभरातला सर्वांत खालचा व वरचा असे दोन्ही आकडे टिपावेत. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नये. आपल्याच कालच्या आकड्याशी करावी.

ॲसिटाझोलामाइड हे औषध या श्वासाच्या चक्रावर खरोखर काम करते. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी मात्रा रूढ आहे, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास धोका असू शकतो, म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते. रात्री मद्य घेऊ नये आणि कोणी सहज पुढे केलेली झोपेची गोळीही घेऊ नये.

दिंगबोचेहून एका दमात लोबुचे गाठू नये. मध्ये थुकला येथे, ४६२० मीटरवर, एक रात्र काढावी. शंका असल्यास फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे दवाखाना-केंद्र १९७३ पासून आहे. हंगामात तिथे डॉक्टर असतात, त्यांना दाखवावे. गोरकशेपचा मुक्काम मी कोणालाही सुचवणार नाही. लोबुचेला दोन रात्री राहून, पहाटे चारला निघून बेस कॅम्प पाहून परतावे. दिवस फार लांब होतो, पाय बोलू लागतात, पण ५१६४ मीटरवरची ती रात्र टळते.