आजीची वेगळी वाटी

चेंगडू, सिचुआन प्रांत, चीन. शनिवार. रात्रीचे साडेबारा.

आंघोळ झाली, केस दोनदा धुतले, तरी वास जात नाही. स्वेटर खिडकीबाहेरच्या दांडीवर टाकलाय. ओठांना अजून मुंग्या येताहेत. झोप लागायच्या आत लिहून काढते, सकाळपर्यंत यातलं निम्मं विरून जाईल.

आज ताईबरोबर हॉटपॉट खायला गेले, म्हणजे टेबलावरच उकळणाऱ्या रश्श्यात एकेक जिन्नस बुडवून खायचं जेवण. ताई म्हणजे आमच्या प्रोजेक्टवरची इथली सगळ्यात जुनी इंजिनीअर. ऑफिसात सगळे तिच्या आडनावाला ‘च्ये’ जोडून हाक मारतात, म्हणजे ताईच, म्हणून मीही तेच म्हणते. चार आठवडे ती मागे लागली होती की हुओकुओ (हॉटपॉटचं इथलं नाव) खाल्ल्याशिवाय तुला परत जाऊ देणार नाही. मी टाळत होते, कारण इथल्या नेहमीच्या रश्श्यावरचा तवंग गाईबैलांच्या चरबीचा असतो आणि मी बीफ खात नाही. मी हे तिला एकदाच, जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता सांगितलं होतं. तिने ते ध्यानात ठेवलं आणि ‘छिंगयोउ’चा, म्हणजे सरसूच्या जातीच्या बियांच्या तेलातला हॉटपॉट मिळेल अशी जागा शोधून काढली. परक्या गावात कुणी आपल्या खाण्या-न खाण्याची इतकी बूज राखली की भरून येतं.

बाहेर तासभर नंबर लावून बसलो. फुटपाथवर प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं आणि वाट पाहणाऱ्यांसाठी वाडगाभर सूर्यफुलाच्या बिया. हवा ओली, आभाळ सकाळपासून राखाडी. इथे म्हणच आहे की सूर्य दिसला तर या मुलखातली कुत्री त्याच्यावर भुंकतात, इतकं ऊन दुर्मीळ. ताई म्हणाली, अंगात शिरलेला हा ओलावा बाहेर काढायचा तर तिखट आणि ओठांना मुंग्या आणणारा ‘मा’ हवाच. चोंगकिंगकडची माणसं सांगतात की हॉटपॉट त्यांच्या नदीकाठचा, नावा ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या हमालांचा. कुणी न घेतलेली आतडी-कोथळे झणझणीत रश्श्यात शिजवून ते गरम गरम खायचे. चोंगकिंग 1997 पर्यंत सिचुआनमध्येच होतं, त्यामुळे हॉटपॉट कुणाचा यावर दोन्हीकडचे लोक अजून तावातावाने बोलतात.

आत गेल्यावर ॲप्रन मिळाला. टेबलाच्या मधोमध शेगडी. ताईने मला विचारलं, ‘युआनयांग’ घेऊया का? युआनयांग म्हणजे जोडीने राहणारी रंगीत बदकं. त्या नावाचं भांडं मधून नागमोडी पत्र्याने दुभागलेलं असतं, एका बाजूला लाल रस्सा, दुसऱ्या बाजूला पांढरा, बिनतिखटाचा. ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी ती पांढरी बाजू.

मी हो म्हणणार होते, पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून वाफेचा एक लोट आला आणि माझ्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले.

तो वास तिरफळाचा होता. मिरचीच्या, लसणीच्या, तेलाच्या खाली दडलेला, पण तोच. संत्र्याची साल नखाने फोडावी तसा आणि त्याच्या मागे ओल्या लाकडासारखा. वेंगुर्ल्याला आजीच्या चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत असताना, अगदी शेवटी ती वाटीतलं तिरफळाचं पाणी ओतायची आणि स्वयंपाकघरभर हाच वास पसरायचा. मला तो नको असायचा. जीभ बधिर होते म्हणून मी ताटावरून उठायचे. मग आजी तिरफळं घालायच्या आधी माझ्यापुरतं तिखलं वेगळ्या वाटीत काढून ठेवायला लागली. कधी रागावली नाही, कधी ‘खाऊन तर बघ’ असंही म्हणाली नाही. कितीतरी वर्षं ती वाटी रोज निघाली. आजीला जाऊन आता नऊ वर्षं झाली आणि तिच्या हातचं खरं तिखलं, जसं तिला स्वतःला आवडायचं तसं, मी एकदाही खाल्लेलं नाही.

ताईला म्हटलं, पांढरी बाजू नको. सगळं लालच मागव.

भांडं आलं तेव्हा वर नुसत्या सुक्या मिरच्या तरंगत होत्या आणि मधे मधे तपकिरी-तांबडे ठिपके. उकळी फुटायच्या आत मी झाऱ्याने एक ठिपका उचलून टिश्यूवर ठेवला. मिऱ्याएवढा, अंगावर बारीक पुळ्या, मधून उकललेला आणि आत पोकळ. बी नाही. हुबेहूब आपलं तिरफळ, फक्त लहान आणि लालसर. ताईला विचारलं, बी कुठे गेली? ती म्हणाली, ह्वाच्यावची (हे या फळाचं इथलं नाव) काळी बी काढून टाकतात, दाताखाली कचकच लागते, चव सगळी सालीत. आजी अंगणात सूप घेऊन बसायची, वाळलेली तिरफळं हाताने चोळायची, काळ्याभोर चकचकीत बिया खाली गळायच्या आणि मी त्या वेचून खेळायला घ्यायचे. दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच वंशातली, लिंबू-संत्र्याच्या कुळातली, दोन्हीच्या अंगाला काटे. एक पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, एक इथे.

मग खायला सुरुवात केली. ताईने माझ्यासमोर तिळाच्या तेलाचा छोटा डबा टक्कन उघडून वाडग्यात ओतला, त्यात चमचाभर वाटलेला लसूण आणि कोथिंबीर. रश्श्यातून काढलेला घास या तेलात बुडवायचा, म्हणजे तो निवतो आणि तिखटाची धारही उतरते. बदकाचं आतडं चॉपस्टिकमध्ये धरून ‘सात वेळा वर, आठ वेळा खाली’ असं बुडवायचं, कडा आक्रसून वळल्या की झालं. एक बुडी जास्त झाली की रबर. ताई ओठातल्या ओठात मोजत होती. माझं पहिलं चिवट झालं, तर दुसऱ्या वेळी तिने माझं मनगट धरून मोजलं. कमळाच्या काकड्यांचे काप, बटाट्याच्या चकत्या, टोफूची साय, कोवळे बांबू, मासळीचे तुकडे. बटाटा सगळ्यात आवडला. मऊ होताना तो सगळा रस्सा आत ओढून घेतो.

पहिल्यांदा नुसतं तिखट लागलं. मग दोन-तीन घासांनंतर ओठांच्या कडेपासून थरथर सुरू झाली. इथे तिला ‘मा’ म्हणतात आणि तिखटाला ‘ला’. ही थरथर आहे तरी किती वेगाची, हे लंडनच्या संशोधकांनी 2013 साली मोजलं होतं. ओठांवर ह्वाच्याव लावून बोटावरच्या कंपनाशी ताडून पाहिलं तर ती सेकंदाला 50च्या आसपास निघाली. आपल्या घरातल्या विजेचीही हीच गती. ‘जीभ बधिर होते’ म्हणून मी रडायचे ते अर्धंच खरं होतं. ती बधिर होत नाही, गुणगुणत असते. पाणी प्यायलं तर पाणी आंबूस-गोड लागतं, मिठाची चव वेगळी कळते, तिखटाची आग जरा लांब उभी राहते.

आपल्याकडे गाड्यागाड्यांवर जे ‘शेजवान’ लिहिलेलं असतं ते नाव या प्रांताचंच, पण आपल्या त्या लाल चटणीत लसूण-मिरची असते, मा नसतो. आणि मिरची तर दोन्हीकडची पाहुणी. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरली, चीनमध्ये तिचा पहिला लेखी उल्लेख 1591चा आहे आणि तोही शोभेचं झाड म्हणून. ह्वाच्याव त्याच्या कितीतरी आधीचा. हान राजांच्या काळात राणीच्या महालाच्या भिंतींना ह्वाच्याव मिसळलेला गिलावा द्यायचे, घर उबदार राहावं, सुवास यावा आणि झाडाला लगडतात तशी लेकरंबाळं व्हावीत म्हणून. म्हणजे मिरची आली आणि घरच्यासारखी राहिली, पण मूळ घरचं माणूस हे. तिरफळाचंही तसंच आहे. आम्ही मुंबई-पुण्याला आलेल्यांनी मिरची ठेवली आणि त्याला मात्र बाहेर बसवलं. माझ्या पुण्याच्या मांडणीवर आईने दिलेली तिरफळांची बाटली आहे. मी ती कधी उघडलेली नाही.

शेवटी बिंगफन आलं, जेलीसारखं पारदर्शक, थरथरतं, वर काळ्या गुळाच्या पाकासारखं सरबत आणि शेंगदाण्याचा कूट. बिया फडक्यात बांधून पाण्यात चोळतात आणि चुन्याच्या निवळीने ते पाणी धरतं. जिभेवर ठेवल्यावर डोळे आपोआप मिटले.

ताईला आजीचं सांगितलं. मोडक्या चिनीत आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत, वाटीचं कसं सांगावं ते कळेना, म्हणून टेबलावरची रिकामी वाटी उचलून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिची आजीही तिच्यासाठी ह्वाच्याव वेचून बाजूला काढायची, एक एक, चॉपस्टिकने.

साडेनऊला बाहेर पडलो तेव्हा घरी सात वाजले होते, दिवेलागणीची वेळ. फुटपाथवरूनच आईला फोन लावला.

“जेवलंस काय गो? काय जेवलंस?”

“तिरफळां.”

पलीकडे जरा शांतता. मग, “तुका तर ल्हानपणी नको असायची ती!”

मी काही बोलले नाही. आईच सांगत राहिली की यंदा परसातल्या झाडाने भरभरून दिलीत, वाळवून झाली, पोटमाळ्यावर डब्यात ठेवलीत, बिया काढायच्या तेवढ्या राहिल्यात, उद्या-परवा बसेन.

तिला म्हटलं, बसू नकोस, राहू दे तशीच. मी येऊन काढीन.