भंगारवाला घेत नाही तो माल

आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये दर शनिवारी भंगारवाला येतो. इंजेक्शन मशीनचे रनर, नायलॉनचे रिजेक्ट पार्ट वजन करून उचलतो. कोपऱ्यातल्या काळ्या गोण्यांना मात्र हात लावत नाही. "ताई, बॅकेलाइट वितळत नाही, नेऊन काय करू?"

त्या गोण्यांत बॅकेलाइट या कडक प्लास्टिकची कुकरची हँडलं आहेत. मागच्या महिन्यात एका पाळीत डायचं, म्हणजे साच्याचं, तापमान घसरलं, माल कच्चा राहिला, वर फोड आले. चारशे नग गेले. कानशीने फ्लॅश, म्हणजे कडेला आलेला जादा माल, काढताना बोटांत बसणारी काळी भुकटी आणि फिनॉलचा तो उग्र वास बावीस वर्षं माझ्या अंगात मुरलाय. त्यामुळे हा माल टाकताना जीव तुटतो.

बेकलंड यांनी 1907 मध्ये शोधलेलं हे प्लास्टिक डायमध्ये एकदा घट्ट झालं की झालं. रेणूंच्या साखळ्या एकमेकींना गाठींनी कायमच्या बांधल्या जातात. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच. पण गॅसजवळ टिकतं तेही त्याच गाठींमुळे.

2011 मध्ये पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने एक वेगळी इपॉक्सी, म्हणजे अशीच गाठींनी घट्ट होणारी राळ, दाखवली, व्हिट्रिमर नावाची. तापवली की तिच्यातले बंध जागा बदलतात. पालखीच्या गर्दीत स्वयंसेवक कडं करतात ना, आधी नवा हात धरायचा, मग जुना सोडायचा. कडं तुटत नाही, आकार मात्र बदलतो. भारी कल्पना! पण मला लगेच हँडल आठवलं. रोजच्या तापाने बंध हळूहळू सरकायला लागले तर ते वाकणार.

म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीच्या जेरेमाया जॉन्सन यांच्या गटाचं 2020 चं काम मला जास्त पटतं. त्यांनी पॉलिडायसायक्लोपेंटाडाइन या, बॅकेलाइटसारख्याच न वितळणाऱ्या प्लास्टिकच्या गाठींना धक्का लावला नाही. दोन गाठींमधल्या धाग्यांत थोडेसेच, दहा टक्क्यांच्या आत, सिलिल ईथरचे कमकुवत दुवे घातले. मजबुती तीच राहिली, आणि फ्लोराइडच्या द्रावणात टाकलं की तेवढे दुवे सुटून माल विरघळला. ते तुकडे नव्या मालातही वापरता आले.

आमच्या फिनॉलिक पावडरीची, म्हणजे बॅकेलाइटच्या कच्च्या मालाची, रसायनं निराळी. तिच्यातही असे दुवे कुणीतरी घालून बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

भाची पॉलिमर शिकते. रविवारी तिला एक हँडल देणार आहे. प्रोजेक्टमध्ये असा काही तुकडा बनवलास तर एवढंच कर, म्हटलं: कुकरच्या तापाला, सव्वाशे अंशांवर, वजन लटकवून तो किती दिवस वाकत नाही, ते मोजून सांग.